दरबारीचा गंधार पडद्यावर: प्रात की सॉनिक व्हिज्युअलायझर?

आमच्या सदाशिव पेठेतल्या क्लासात हल्ली रियाझ संपला की हाच विषय निघतो: आपल्या गाण्याचं रेकॉर्डिंग संगणकावर तपासायला प्रात हे सॉफ्टवेअर घ्यावं की सॉनिक व्हिज्युअलायझर? दोन्ही फुकट आहेत, त्यामुळे खिशाला चाट नाही. खर्च होतो तो वेळ. मी वर्षभर दोन्ही वापरली, म्हणून चार शब्द लिहितो.

म्युझस्कोअर इथे धरत नाही. ते स्वरलिपी लिहायचं साधन. पियानो-गिटारवाल्यांना उत्तम, पण पाच रेघांवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, काय मांडणार? कोमल स्वराखालची आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावरची उभी रेघ मी अजून वहीतच काढतो.

प्रातपासून सुरुवात केली, कारण भाषाशास्त्र शिकलेल्या एका मित्राने तेच सुचवलं. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी ते बोलण्याच्या अभ्यासासाठी केलं. डचमध्ये नावाचा अर्थच 'बोल'. हलकंफुलकं आहे, जुन्या लॅपटॉपवरही पळतं. सुराची रेष, म्हणजे आवाज किती चढला-उतरला याचा आलेख, सुबक येते. मात्र पडद्यावर दहा सेकंदांहून लांब तुकडा असला तर मूळ सेटिंगमध्ये ती दिसतच नाही. मर्यादा वाढवता येते, पण विलंबित (संथ लयीतल्या) एकतालाचं एकच आवर्तन मिनिटभर चालतं हे त्याच्या गावीही नाही. अर्थात, ते गाण्यासाठी केलेलंच नाही.

हे मी चालवून घेतलं असतं. अडलं ते षड्जापाशी. माझा सा काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, साधारण १३८.६ हर्ट्झ. प्रातच्या खिडकीत अर्धस्वरांत मोजायचं तर आधार १, १००, २०० किंवा ४४० हर्ट्झचा, यांतलाच एक निवडायचा. १०० घेतला की माझा सा येतो ५.६५ वर आणि सारख्या अंतराच्या अर्धस्वरांतला कोमल गंधार ८.६५ वर. दरबारी रागाचा गंधार मुळात त्याहून खाली, त्यात आंदोलित, म्हणजे हळूहळू झुलणारा. मी तो किती उतरवतोय हे बघायला दर वेळी मनात वजाबाकी! स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला हे एका ओळीचं काम आहे, कबूल. पण तानपुरा जुळवून बसल्यावर वजाबाकी करायची माझी तरी तयारी नव्हती.

सॉनिक व्हिज्युअलायझर लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातलं, संगीतासाठीच केलेलं. सुराची रेष काढायला पी-यिन हे प्लगइन वेगळं बसवावं लागतं. तिथे माझी एक संध्याकाळ गेली. पण नंतर सेटिंगमध्ये पाश्चात्त्य 'ए' स्वरासाठी असलेल्या ४४० हर्ट्झच्या जागी ४६६.१६ भरलं आणि माझी काळी एक 'सी' म्हणून दिसू लागली, म्हणजे 'सी' हाच माझा सा. आता रेषेवर माऊस नेला की स्वर आणि तो किती सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा-उतरा आहे ते समोर. वजाबाकी संपली. शिवाय गाणं वाजत असताना सेमीकोलनची कळ दाबली की तिथे खूण पडते. मी प्रत्येक समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दाबतो, मग मुखडा कुठे घाईत आला ते लपत नाही.

कुठलंही घ्या, तानपुरा इअरफोनमध्ये ठेवा. माइकमध्ये तो शिरला की गळ्याऐवजी तारांचाच सा रेषेत उमटतो, आणि आपण किती सुरेल गातो या आनंदात माणूस दोन दिवस काढतो. मी काढलेत.

आंदोलनाची रेष मनासारखी आली तेव्हा मोठ्या हौसेने क्लासातल्या आमच्या बाईंना दाखवली. त्यांनी चष्मा लावून पाहिली. म्हणाल्या, "रेघ छान आलीय. आता गंधार लाव."

तुमचा भर शब्दोच्चारावर असेल, नाट्यपद किंवा भावगीत गाताना 'आ' आणि 'ए' तोंडात कसे बसतात हे पाहायचं असेल, तर प्रातच घ्या. 'आ', 'ए' अशा स्वरांचे फॉर्मंट, म्हणजे तोंडाच्या आकाराने उठून येणारे कंपनांचे पट्टे, त्यात झकास दिसतात. माझ्या लॅपटॉपवरही ते अजून आहे. उघडलं मात्र दिवाळीआधी.