जुना लॅपटॉप, डॉसबॉक्स आणि खटखट्या कीबोर्ड : आठ महिन्यांचा हिशेब

विंडोज ११ने माझ्या लॅपटॉपला दारातूनच परत पाठवलं. प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा, टीपीएम २.० या सुरक्षा-चिपचा पत्ता नाही. विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणजे कागदोपत्री यंत्र निकालात. प्रत्यक्षात मात्र ठणठणीत. आठ जीबी रॅम, पडदा बरा, बिजागऱ्या घट्ट. टाकून द्यायला जीव होईना. मग त्यात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीविना चालणारी साठवण बसवली, विंडोज काढून लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली घातली, बाहेरून एक मेकॅनिकल कीबोर्ड, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला, जोडला आणि ठरवलं, हे यंत्र फक्त लिहायला आणि डॉस या विंडोजच्या आधीच्या कार्यप्रणालीवरचे जुने खेळ खेळायला. बाकी सगळी कामं दुसऱ्या यंत्रावर. याला आता आठ महिने झाले. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर नुसतं कौतुकच उतरलं असतं, म्हणून थांबले.

एसएसडीबद्दल फार बोलायला नको, ते सगळ्यांना माहीत आहे. मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कमध्ये हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायलाच सरासरी साडेपाच मिलिसेकंद लागतात, हेड सरकायचा वेळ वेगळा. अशा हजारो चकरा वाचल्या की म्हातारं यंत्र तरुण वाटायला लागतं. मिंटचंही थोडक्यातच सांगते: बसवलं आणि विसरले. माझी २२वी आवृत्ती आहे, तिला २०२९पर्यंत अपडेट मिळणार. वायफाय अधूनमधून झोपी जायचं. ते चिपच्या वीजबचतीचं दुखणं निघालं, ती बंद केल्यावर थांबलं. विंडोजवरच्या दोनच गोष्टींची अजून आठवण येते, मजकूर लिहायचं नोटपॅड प्लस प्लस आणि इरफानव्ह्यू. इरफानव्ह्यू १९९६पासून एकच काम करतोय, फोटो झटकन उघडून दाखवायचं, आणि मला तेवढंच हवं असतं. त्याच्या जागी चार वेगवेगळे प्रोग्राम वापरून पाहिले. सगळे देखणे आहेत. एकही तितका चपळ नाही.

आता कीबोर्ड. निळ्या स्विचचा घेतला, म्हणजे दाबल्यावर टिक् वाजणारा. घरातल्यांनी पहिल्या दोन दिवसांतच दार लावून बसायचा आग्रह धरला, आणि तो रास्त होता. पण ज्याच्यासाठी घेतला ते काम त्याने चोख केलं. लॅपटॉपच्या स्वतःच्या कीबोर्डवर ठरावीक तीन बटणं एकदम दाबली की तिसरं पोचायचंच नाही. लिहिताना हे कधी लक्षात येत नाही. डूम या गोळीबाराच्या खेळात पळत, कडेने सरकत गोळी झाडायची वेळ आली की लगेच येतं. दोष बोटांचा नसतो. स्वस्त कीबोर्डात बटणांच्या आडव्या-उभ्या तारांचं जाळं असतं आणि काही तिकड्या त्या जाळ्याला एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत. नव्या कीबोर्डवर हा त्रास शून्य.

तिसऱ्या महिन्यात मात्र त्याने रंग दाखवला. मराठी मी इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत लिहिते, आणि त्यात इंग्रजी ई अक्षराच्या बटणावर काना असतो. एका सकाळी 'माझं' लिहिलं तर म नंतर एक काना, मग ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ आणि त्याला लटकलेला दुसरा काना. मला वाटलं फॉन्ट बिघडला. फॉन्ट बदलला, तेच. मग लक्षात आलं की बटण एकदा दाबलं तरी दोनदा लागतंय. स्विचच्या आतली धातूची पाती मिटताना अगदी बारीक थरथरते. त्या थरथरीकडे काही मिलिसेकंद दुर्लक्ष करायचं काम कीबोर्डातल्या प्रोग्रामचं असतं. पाती मळली किंवा ढिली पडली की थरथर त्या मुदतीपलीकडे जाते आणि तिचीच दुसरी टिचकी मोजली जाते. मराठीत कान्याचं प्रमाण किती आहे हे मला त्या तीन आठवड्यांत कळलं. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं की 'ड्रायव्हर अपडेट करून पाहा'. यात ड्रायव्हरचा काय संबंध, ते त्यांनाच ठाऊक.

आधी हवेचा फवारा मारला. दोन दिवस बरं. मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलचे दोन थेंब स्विचमध्ये सोडून शंभरेक वेळा दाबलं. एक आठवडा बरं. शेवटी स्विच चिमट्याने उपटला आणि तिथे स्क्रोल लॉकचा बसवला. घेताना स्विच उपटता येणारा, म्हणजे हॉट-स्वॅप कीबोर्ड निवडला होता, हे त्या दिवशी पावलं. तुम्ही मेकॅनिकल घेणार असाल तर दिव्यांची रोषणाई सोडा, स्विच कोणत्या रंगाचे यावरचे वादही सोडा. सोल्डरिंग न करता ते काढता येतात का, तेवढं विचारा.

खरी मजा आणि खरी डोकेदुखी डॉसबॉक्समध्ये आहे, म्हणजे जुन्या डॉस यंत्राची नक्कल करून ते खेळ आज चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये. आठ महिन्यांत माझं एक मत पक्कं झालंय: जुने खेळ आज खेळताना चित्र, आवाज, फाइली हे सगळं सहज जुळतं, अडतं ते वेळेवर. खेळ लिहिणाऱ्याने आपल्या समोरच्या यंत्राचं घड्याळ गृहीत धरलेलं असतं. ते घड्याळ आज कुठेच नाही.

विंग कमांडर हा अंतराळयुद्धाचा खेळ घ्या, १९९०चा. प्रोसेसर जितका वेगवान तितका खेळ वेगवान, असा कारभार. पुढच्या पिढीच्या यंत्रांवर शत्रूची विमानं दिसायच्या आत निघून जायची. जुन्या डब्यांवर टर्बो नावाचं बटण असायचं ते याचसाठी, नाव टर्बो आणि खरा उपयोग यंत्र हळू करण्याचा. डॉसबॉक्समध्ये त्या जागी सायकल्स नावाचा आकडा आहे: एका मिलिसेकंदात किती सूचना चालवायच्या. साध्या खेळांना तो आपणहून ३००० धरतो. कंट्रोल एफ११ दाबलं की कमी, एफ१२ दाबलं की जास्त. वाढवताना एका वेळी दहा टक्के, उतरवताना वीस. माझ्याकडे विंग कमांडर ४०००च्या आसपास माणसात येतो. हा आकडा कानाने आणि बोटांनी शोधावा लागतो, तबला लावतात तसा. जुळला की वहीत लिहून ठेवते. हो, कागदाच्या वहीत.

एक जुना कोडं-खेळ तर सुरूच होईना. पडद्यावर 'रनटाइम एरर २००' आणि खेळ बंद. खेळ टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या साधनात लिहिलेला होता. त्यातला एक भाग सुरुवातीलाच मोजून घेतो की घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, रिकामं चक्र किती वेळा फिरलं. तो आकडा ५५ने भागून उत्तर सोळा बिटांच्या घरात ठेवायचं. यंत्र साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे गेलं की उत्तर त्या घरात मावत नाही आणि प्रोसेसर शून्याने भागल्याची बोंब ठोकतो. शून्य कुठेच नाही, यंत्र वेगवान आहे एवढाच गुन्हा. सायकल्स उतरवल्या, खेळ मुकाट्याने चालू झाला.

पडद्याचंही तेच. डूम १९९३चा. त्याचं जग सेकंदाला ३५ वेळा हलतं, कारण तेव्हाच्या व्हीजीए या चित्रपद्धतीचा पडदा त्या मोडमध्ये सेकंदाला ७० वेळा ताजा व्हायचा आणि ३५ म्हणजे नेमका निम्मा. माझ्या लॅपटॉपचा पडदा ६०चा. आता ३५ चित्रं ६० जागांत बसवायची तर २५ चित्रं दोनदा दिसणार आणि १० एकदाच. डोळ्याला हे गणित कळत नाही, पण गोल फिरताना भिंत किंचित अडखळते. मला आधी वाटलं वय झालं. मग बाहेरचा मॉनिटर ७० हर्ट्झवर आणून पाहिला. भिंत लोण्यासारखी सरकली! कुठला मॉनिटर ७० स्वीकारेल हे मात्र लावूनच पाहावं लागतं, खोक्यावर लिहिलेलं नसतं.

याच पडद्याची आणखी एक खोड आहे. ३२० बाय २००चं चित्र तेव्हा चारास तीन आकाराच्या मॉनिटरभर ताणलं जायचं, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीच्या १.२ पट उंच. ती दुरुस्ती न करता खेळलात तर डूमच्या खालच्या पट्टीतला चेहरा गालफुगीचा दिसतो. मूळ डॉसबॉक्सच्या ०.७४ मालिकेत ही सोय मुळात बंद असते, डॉसबॉक्स स्टेजिंग या त्यावरूनच निघालेल्या वेगळ्या आवृत्तीत चालू. मी स्टेजिंग वापरते, आणि नव्या माणसाला तेच सुचवीन.

डूमची एक गंमत सांगायची राहिली. त्यात कंट्रोल म्हणजे गोळी आणि ऑल्ट धरून बाण म्हणजे कडेने सरकणं. लिनक्सच्या डेस्कटॉपवर कंट्रोल, ऑल्ट आणि बाण एकत्र म्हणजे पुढच्या वर्कस्पेसवर, म्हणजे दुसऱ्या कामाच्या पडद्यावर जा. खिडकीत खेळत होते. राक्षस समोर, मी सरकत गोळी झाडली, आणि क्षणात पुढे माझा अर्धवट राहिलेला लेख उघडा. परत आले तोवर व्हायचं ते झालेलं. आता डेस्कटॉपचे ते शॉर्टकट काढूनच टाकलेत.

आवाजाबद्दल एवढंच, की डूमचं संगीत हल्लीच्या भारी वाद्यांच्या संचावरही वाजवता येतं. दोन दिवस तसं ऐकलं आणि परत अ‍ॅडलिब या जुन्या साउंड कार्डाच्या काळातल्या त्या एफएम चिपच्या नकलेवर आले. ती पत्र्यासारखी गिटारच कानाला बरोबर वाटते. हा निव्वळ माझा हट्ट आहे.

प्रिन्स ऑफ पर्शिया मी मुद्दाम शेवटी ठेवला. सुट्टीत अकरा वर्षांचा भाचा आला होता, त्याला बसवलं. पहिल्या पाच मिनिटांत चार वेळा खड्ड्यात. चिडून म्हणाला, "मावशी, मी बटण सोडलं तरी हा थांबत का नाही? लॅग आहे."

लॅग नव्हता. १९८९मध्ये जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाचं पळणं, उड्या मारणं व्हिडिओवर घेतलं आणि त्यावरून एकेक चित्र उतरवून राजपुत्र हलता केला. डॉसवर ही चित्रं सेकंदाला बाराच्या आसपास बदलतात. पळणारा माणूस जागच्या जागी थिजत नाही, तसाच हाही नाही; पाऊल पुरं झाल्यावरच थांबतो. म्हणून बटण आधी सोडायचं असतं, आणि कड जवळ आली की शिफ्ट धरून एकेक छोटं पाऊल टाकायचं. कडेशी आलं की ते छोटं पाऊल आधी थबकतं. भाच्याला हे सांगितलं, तर म्हणाला, "मग आधी सांगायचं ना!" आम्हाला कोणी सांगितलं होतं?

तिसऱ्या दिवशी तो चौथ्या पातळीवरच्या आरशापर्यंत पोचला. वाटेत आरसा उभा, बाजूला जागा नाही. पळत येऊन त्यातून उडी मारली की पलीकडे राजपुत्राची सावली वेगळी होऊन पळून जाते. खेळ मुळात ज्यावर लिहिला त्या ॲपल टू संगणकात नवं पात्र काढायला मेमरीच उरली नव्हती, म्हणून राजपुत्राचंच चित्र जरा सरकवून स्वतःवर एक्सऑर केलं, म्हणजे दोन्हींत जिथे फरक तेवढंच ठेवलं, आणि त्यातून ही सावली निघाली. भाचा तिच्याकडे बघत राहिला. मग मला विचारलं, ती पुढे परत येते का. मी म्हटलं, खेळून बघ. अख्ख्या खेळाला मिळणाऱ्या साठ मिनिटांतली एकोणीस उरली होती. तो उठून पाणी प्यायला गेला, आणि स्पेस दाबून मी वेळ पाहीपर्यंत त्यातलं आणखी एक गेलं होतं. खेळ थांबवायला त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.