६२,६८० रुपये आणि हनुवटीवरचे डाग

केस काढायच्या लेसरपायी ६२,६८० रुपये गेले आणि हनुवटीवरचे केस होते त्याहून जाड झाले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण ज्याला त्याला पहिल्यांदा तोच ऐकायचा असतो. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला: "अगं, तू अकाउंट्सला असून?" हो, अकाउंट्सला असून. लोकांच्या व्हाउचरमधला एक रुपयाचा फरक मी सोडत नाही. पण व्हाउचर तपासताना समोर कोणी माझ्या हनुवटीकडे बघत "मॅम, अजून लग्न व्हायचंय ना?" असं विचारत नसतं.

पीसीओडी (अंडाशयाचा, हार्मोन्स बिघडण्याचा त्रास; त्यात चेहऱ्यावरही केस येतात) असलेल्या बायकांना बाकीचं सांगायची गरज नाही. आठ-दहा दिवसांनी थ्रेडिंग, मधल्या काळात पर्समध्ये चिमटा, आणि आईचं डाळीचं पीठ-हळद चालूच. वॅक्सने हनुवटी सोलवटली, केस काढायच्या क्रीमने पुरळ उठलं. म्हणून लेसर. हौस नव्हती, हे आधी समजून घ्या.

कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, एसी आणि ऑर्किडची फुलं असलेलं क्लिनिक. दसऱ्याची ऑफर होती: फुल फेस आणि अंडरआर्म्सचं ७२,००० चं पॅकेज ५४,००० ला, पण "आज संध्याकाळी सातपर्यंतच". ६,००० मी तिथेच यूपीआयने भरले. उरलेल्या ४८,००० साठी "नो कॉस्ट ईएमआय, महिना फक्त ४,०००". काउन्सेलर म्हणवणाऱ्या मुलीने माझाच मोबाइल घेऊन अ‍ॅप टाकलं, पॅन-आधार स्कॅन केलं, सेल्फी काढला आणि म्हणाली, "एक ओटीपी येईल, तो सांगा, अपॉइंटमेंट कन्फर्म करायला." अपॉइंटमेंट कसली, ते माझ्या नावावरचं कर्ज होतं. पैसे त्याच दिवशी परस्पर क्लिनिकच्या खात्यात गेले आणि माझ्याकडून १,१८० प्रोसेसिंग फी कापली गेली. नो कॉस्ट म्हणे.

दुसऱ्याच्या हातात मोबाइल देऊन ओटीपी वाचायचा नाही. मेसेज पूर्ण वाचायचा, त्यात "लोन" शब्द आहे का ते बघायचं.

पण ज्या क्षणाचा मला आजही संताप येतो तो ओटीपीचा नाही, फॉर्मचा आहे. सहीसाठी पुढे आलेल्या फॉर्मवर आरोग्याचे सगळे प्रश्न आधीच भरलेले होते. निळ्या पेनाने, एकाच तिरक्या वळणाच्या, ओळीने खाली उतरत गेलेल्या टिका. हार्मोन्सचा त्रास: नाही. पाळी अनियमित: नाही. चालू औषधे: नाही. मी म्हटलं, "अहो, मला पीसीओडी आहे." ती हसली. "ते पण कव्हर होतं मॅम, आमचं मशीन अ‍ॅडव्हान्स आहे." आणि मी सही केली. विमा आहे का तो, कव्हर व्हायला? तिथेच उठून खाली उतरायला हवं होतं. उठले नाही, कारण ६,००० आधीच भरून झाले होते आणि पावतीवर "नॉन-रिफंडेबल" छापलेलं होतं. आधी पैसे, मग फॉर्म. हा क्रम ते मुद्दाम ठेवतात.

मशीन "डायोड लेसर" म्हणून सांगितलं होतं. बाजूला कंपनीचं स्टिकर खरवडून काढलेलं, त्याचा पांढरा डिंक तेवढा शिल्लक. स्क्रीनच्या कोपऱ्यात "आयपीएल" लिहिलेलं. मला आयपीएल म्हणजे क्रिकेटच माहीत! नंतर खऱ्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी समजावलं (फी ८०० रुपये, आणि तेवढेच काय ते सत्कारणी लागले): आयपीएल हा लेसरच नव्हे, तो मिश्र तरंगलांबीचा झगझगीत फ्लॅश. डायोड ८०८-८१० नॅनोमीटरच्या आसपास एकाच तरंगलांबीवर चालतो. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर जास्त सुरक्षित, कारण त्याचा प्रकाश त्वचेतलं मेलॅनिन, म्हणजे रंगद्रव्य, कमी शोषून घेतं. आयपीएलचा जोर चुकला तर केसाच्या मुळाआधी कातडी भाजते. माझी भाजली. जबड्याच्या कडेने काडेपेटीच्या कडेएवढे आयताकृती पट्टे, आधी लाल, मग तपकिरी. टेस्ट पॅच? "आपल्याकडे गरज पडत नाही मॅम."

तक्रार केली तर सॉरी नाहीच, वर "तुमच्या स्किनला अपग्रेडेड हेड लागेल" म्हणून ७,५०० रोख घेतले. बिल मागितलं तर "सिस्टिम डाउन आहे". त्यानंतर गालाकडच्या बारीक लवेचे राठ केस व्हायला लागले. लेसर किंवा आयपीएलनंतर चेहऱ्यावर उलट केस वाढू शकतात, सावळ्या त्वचेच्या आणि हार्मोन्सचा त्रास असलेल्या बायकांमध्ये तर हा धोका जास्त, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. ऑर्किडवाल्यांना ठाऊक नसतं, किंवा असतं. "कायमचे जातील" हेही खोटं. लेसरने केस कमी होतात, बारीक होतात, मधूनमधून पुन्हा सिटिंग लागतं. पांढऱ्या केसांवर तर त्याचा उपयोगच नाही, रंगद्रव्यच नाही तर प्रकाश शोषणार कोण? मुळासकट कायमचा निकाल लावायचा तर इलेक्ट्रोलिसिस, तेही एकेक केस सुईने, वेळखाऊ. आणि हार्मोन्सवर इलाज नसेल तर नवे केस येतच राहतात. आधी रक्ततपासणी, मग मशीन. आणि समोरचा "डॉक्टर" असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक तोंडावर विचारा.

दिवाळीनंतर शटर खाली. फोन बंद. ईएमआय मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला न चुकता.

आता यंत्रणेचं ऐका. चौकीवर हवालदार साहेबांनी सगळं ऐकून विचारलं, "म्हणजे केस करायला आलात, की केस काढायला?" आणि स्वतःच हसले. शेजारची महिला पोलीस खाली बघत रजिस्टर चाळत बसली. मग, "हा दिवाणी मामला आहे, सायबरला जा." सायबरवाले म्हणाले, ओटीपी तुम्ही स्वतः दिलात, हा ऑनलाइन फ्रॉड होत नाही, चौकीवर जा. आरोग्य खात्याच्या खिडकीवर साहेब जेवायला गेलेले. आले ते म्हणाले, "डॉक्टर नव्हता ना तिथे? मग तो दवाखाना नाही, आमच्याकडे येत नाही." अहो, डॉक्टर नव्हता हीच तर माझी तक्रार आहे! शॉप अ‍ॅक्टवाल्यांचं म्हणणं, आम्ही नोंदणी बघतो, आत काय चालतं ते नाही. पावतीवरचा पत्ता बघून त्यांनी एवढंच सांगितलं की गाळा भाड्याचा होता, जे मला जिन्यातल्या वॉचमननेही सांगितलं होतं, चहा न मागता. कर्जवाली कंपनी तर वेगळीच: "मॅम, सर्व्हिसशी आमचा संबंध नाही, हप्ता चुकला तर सिबिल खराब होईल." संबंध नाही, तर क्लिनिकच्या टेबलावर तुमचं अ‍ॅप कसं? वसुलीवाल्याने ऑफिसच्या लँडलाइनवर फोन केला. रिसेप्शनपासून प्यूनपर्यंत सगळ्यांना कळलं की कुलकर्णी मॅडमनी केस काढायला कर्ज काढलं. माझं आडनाव कुलकर्णी नाही, पण तुम्हाला कल्पना आली असेल.

पॅकेज विकून शटर ओढायचं हा साधा दिवाणी मामला नाही. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला ३१८ कलम आहे. पोलीस ठाण्यात तक्रार घेत नसतील तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे लेखी, पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. मी पाठवली आहे. कर्जाच्या कंपनीला ईमेल करा, ३० दिवसांत धड उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. डिजिटल कर्जातून दंड न भरता बाहेर पडायला सुरुवातीची एक मुदत असते, ती "की फॅक्ट स्टेटमेंट"मध्ये, म्हणजे कर्जाच्या अटींच्या गोषवाऱ्यात, लिहिलेली असते. मला ते स्टेटमेंट कोणी दाखवलंच नाही, ईमेलच्या स्पॅममध्ये सापडलं, मुदत उलटल्यावर. रागाच्या भरात हप्ता थांबवू नका, आधी लेखी तक्रार. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या अर्ज करता येतो, मुदत दोन वर्षं. डागांचे फोटो तारखेसकट ठेवा. रोख एक रुपया देऊ नका, माझे ते ७,५०० आता सिद्धच करता येत नाहीत.

तीच काउन्सेलर सध्या पौड रोडवर दुसऱ्या नावाच्या बोर्डाखाली बसते, मैत्रिणीने पाहिलं. ऑफर ४९,९९९. त्या दसऱ्याच्या पॅकेजची पावती तुमच्या बहिणीकडे, वहिनीकडे, ऑफिसातल्या कोणाकडे असेल तर फाडू देऊ नका. एकाच तक्रारीचे अनेक ग्राहक असतील तर आयोगाच्या परवानगीने एकत्र दावा लावता येतो, आणि माझा अर्ज तयार आहे.