सोल्यूशनची नशा: बारावे वर्ष आणि चाळिशी

रुमालावर पंक्चरचे सोल्यूशन ओतून हुंगणारा बारा वर्षांचा मुलगा आणि थिनरच्या आहारी गेलेला चाळिशीतला रंगारी, दोघांच्याही रक्तात टोल्युइन हा द्रावकच उतरतो. तो मेदात सहज विरघळतो आणि मज्जातंतूंवरील मायलिनच्या, म्हणजे संदेश वेगाने पोचू देणाऱ्या मेदयुक्त आवरणाला इजा करतो. रंगाऱ्याच्या मेंदूत हे आवरण बहुतांशी तयार झालेले असते, म्हणून त्याचे नुकसान म्हणजे कमावलेले गमावणे: नुकताच दिलेला निरोप विसरणे, कामाचा क्रम चुकणे. मुलाचे नुकसान मला अधिक गंभीर वाटते, कारण कपाळामागच्या भागात मायलिनची घडण पंचविशीपर्यंत चालू असते आणि पाढा ध्यानात धरण्याची क्षमताच अर्धवट राहू शकते. शिवाय २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत ही नशा प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के आढळली.