ऑपरेशननंतर लघवी होत नसेल तर: आत ठेवलेली नळी की वेळोवेळी घातलेली नळी?

भूल आणि वेदनाशामक औषधांमुळे मूत्राशय काही तास सुस्तावतं. मग दोन मार्ग उरतात.

पहिला, फोली कॅथेटर, म्हणजे लघवी बाहेर काढणारी लवचिक नळी, मूत्राशयात ठेवून देणं. नर्सचं काम सोपं होतं, लघवी नेमकी मोजता येते. पण नळीच्या पृष्ठभागावर जिवाणूंचा चिकट थर बसतो आणि त्यात अँटिबायोटिक नीट पोहोचत नाही. नळी राहील त्या प्रत्येक दिवशी लघवीत जिवाणू सापडण्याची शक्यता साधारण 3 ते 7 टक्क्यांनी वाढते. म्हणूनच खास कारण नसेल तर ती 24 तासांत काढावी, असं अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेची 2009 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

दुसरा, दर 4 ते 6 तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामं करून लगेच काढणं. कटकटीचं, थोडं संकोचाचंही. पण जिवाणूंना मुक्कामाला जागा मिळत नाही, रुग्ण उठून चालू शकतो.

माझा कौल दुसऱ्याला. मात्र मूत्रमार्गाचंच ऑपरेशन असेल किंवा रुग्ण अत्यवस्थ असेल, तर आत ठेवलेली नळीच बरी. थंडी वाजून ताप आला, ओटीपोटात दुखलं, तर कोणतीही नळी असो, डॉक्टरांना लगेच सांगा.