गाई-म्हशींच्या पोटातली तार: आधी एक्स-रे की सोनोग्राफी?

दूध एका दिवसात निम्म्यावर आलं, रवंथ थांबला, पाठ कमानीसारखी झाली, जनावर कोपरं बाहेर काढून उभं राहतं आणि उतारावर पाऊल टाकायला तयार नाही. अशा वेळी अपचनाच्या पुड्या देत चार दिवस घालवू नयेत, तार किंवा खिळ्याचा संशय घ्यावा. गाय-म्हैस चारा निवडत बसत नाही, जिभेने ओढून गिळते. बांधकामाची बाइंडिंग वायर, कुट्टी यंत्रातून चाऱ्यात आलेले तारेचे तुकडे, जुना टायर कापून केलेल्या गव्हाणीतून सुटलेली तार, सगळं आत जातं आणि जाळीपोटाच्या (चार कप्प्यांपैकी दुसऱ्या पोटाच्या) तळाशी बसतं. जाळीपोट मिनिटाला साधारण एकदा जोरात आकसतं. त्या दाबाने तार पुढे सरकते. पुढे श्वासपटल, म्हणजे पोट आणि छाती यांमधला पडदा आहे आणि त्याच्या पलीकडे काही सेंटीमीटरवर हृदय.

एक्स-रेचा फायदा सरळ आहे: तार आहे का, किती लांब आहे आणि कशी पडली आहे हे त्यात दिसतं. तळाशी आडवी पडलेली तार पुष्कळदा निरुपद्रवी असते. तळाशी कोन करून उभी राहिलेली किंवा जाळीपोटाच्या सीमेबाहेर गेलेली तार धोक्याची. तांब्याची तारही फिल्मवर स्पष्ट येते, पण तार धरून ठेवण्यासाठी जनावराला गिळायला देतात तो चुंबक तिला धरत नाही. म्हणून ‘चुंबक दिलाय, आता भीती नाही’ हे नेहमी खरं नसतं. प्लास्टिक आणि दोरी मात्र एक्स-रेमध्ये दिसत नाहीत.

अडचण यंत्राच्या ताकदीची आहे. वासराला किंवा पायाच्या हाडाला पुरणारं हातातलं यंत्र ४००-५०० किलोच्या जनावराच्या छातीतून आरपार जाऊ शकत नाही. एक्सपोजर वाढवावं तर तेवढ्या वेळात जनावर हलतं आणि प्लेट धूसर येते. पुढचा पाय पुढे ओढून धरला नाही, तर कोपराचं हाड नेमकं हव्या त्या जागेवर येतं. जनावर धरणाऱ्याने शिशाचा एप्रन घालावा, कॅसेट (फिल्मची चौकट) हातात धरू नये, स्टँडला लावावी. गरोदर बाईने त्या खोलीत थांबूच नये.

सोनोग्राफीत तार सहसा दिसत नाही, कारण जाळीपोटातला वायू ध्वनिलहरी अडवतो. हे माहीत नसलं की ‘सोनोग्राफीत काही निघालं नाही’ एवढं ऐकून मालक निश्चिंत होतो आणि तिथेच घात होतो. सोनोग्राफीचं बळ वेगळं आहे. जाळीपोटाची हालचाल, भोवती साठलेला पू, फायब्रिनचे (सुजेतून साकळलेल्या चिकट द्रव्याचे) पांढुरके थर, चिकटलेले पडदे, हृदयाभोवतीचं पाणी हे सगळं ती दाखवते, आणि तेही जनावर उभं असताना.

तपासणी नीट झाली की नाही, हे मालकालाही ओळखता येतं. कोपराच्या मागे, छातीच्या खालच्या भागात, सहाव्या-सातव्या फासळीच्या आसपास दोन्ही बाजूंचे केस वस्तऱ्याने काढावे लागतात. नुसतं जेल लावून केसांतून चित्र येत नाही. ३.५ ते ५ मेगाहर्ट्झचा प्रोब (अंगावर टेकवायचा यंत्राचा भाग) लागतो. मग एका जागी प्रोब धरून किमान तीन मिनिटं जाळीपोटाची आकुंचनं मोजायची. निरोगी जनावरात साधारण तीन दिसतात, प्रत्येक दोन टप्प्यांत. संख्या घटली किंवा पोट जागच्या जागी थरथरलं, तर चिकटल्याचा संशय. मोजण्याआधी झायलाझीन हे गुंगीचं औषध देऊन जनावर गुंगवू नये, त्यानेच आकुंचनं मंदावतात. दुग्धज्वरातही ती कमी होतात. समोर चारा टाकला तर वाढतात. अर्ध्या मिनिटात उरकलेल्या तपासणीवर ऑपरेशनचा निर्णय घेऊ नये.

मेटल डिटेक्टर स्वस्त आणि गोठ्यातच होणारा, पण तो फक्त धातू आहे एवढंच सांगतो. धडधाकट जनावरांच्या पोटातही धातू सापडतो. होकायंत्राचा उपयोग एवढाच, की डाव्या कोपरामागे नेल्यावर सुई हलली तर पोटात आधीचा चुंबक असण्याची शक्यता.

माणसाच्या पोटात अशी वस्तू गेली तर सीटी स्कॅन वस्तू आणि इजा दोन्ही एकदम दाखवतो. म्हैस मात्र त्या यंत्राच्या ७०-८० सेंटीमीटरच्या पोकळीत मावत नाही, म्हणून इथे निवड करावी लागते.

आजार दोन-तीन दिवसांचा असेल आणि मोठं एक्स-रे यंत्र आवाक्यात असेल, तर आधी एक्स-रे. पोट उघडून तार काढण्याला अर्थ असतो तो याच दिवसांत. आठवडा उलटून गेला, गळ्याखालच्या पोळीला सूज आली, मानेची शीर दोरीसारखी फुगली, तर आधी सोनोग्राफी. हृदयाभोवती पू-पाणी झालेलं असेल तर कोटीपोट (पहिलं, सगळ्यात मोठं पोट) उघडून जनावर वाचण्याची आशा फार थोडी, आणि मालकाला हे खर्चाआधी कळलंच पाहिजे. म्हशीला वारंवार पोटफुगी होते, शेण थोडं आणि काळपट येतं, तर श्वासपटल फाटून जाळीपोट छातीत शिरल्याची शंका घ्यावी. तिथे दोन्ही तपासण्या कराव्यात. चौथ्या-पाचव्या फासळीपाशी हृदयाशेजारी जाळीपोट हलताना दिसलं, तर निदान जवळपास पक्कं. अशा म्हशीला एक्स-रेसाठी उताणं पाडू नये, पोटाचा भार छातीवर येऊन श्वास कोंडतो.

परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. जनावर टेम्पोत चढवण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा: मोठ्या जनावराच्या छातीचा एक्स-रे निघतो का, यंत्र आज चालू आहे का, आणि तार निघाली तर ऑपरेशन तिथेच होईल का. तोवर गोठ्यात पुढचे पाय वीतभर उंचावर राहतील असं उभं करा आणि चालवू नका.