सांगलीची रेंज, श्टुटगार्टची रेंज : अकरा महिने दोन सिम वापरल्यानंतर

जानेवारीत नोकरीसाठी श्टुटगार्टला गेले तेव्हा एकाच फोनमध्ये दोन सिम घेऊन राहायचं ठरवलं. एक सांगलीचं, कॉलेजपासूनचं, बँकेला आणि आधारला जोडलेलं. दुसरं तिकडं घेतलेलं. आता डिसेंबरच्या सुटीत घरी आलेय. तीन आठवडे हाच फोन सांगलीच्या गावभागात (जुन्या वस्तीत), विश्रामबागला, मिरजेला आणि आत्याच्या गावी, चांदोलीच्या बाजूला वापरला. भेटेल तो विचारतो, "तिकडं नेटवर्क एक नंबर असेल ना?" याचं उत्तर हो किंवा नाही एवढ्यात मावत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. कुणाची मुलं बाहेर जाणार असतील तर उपयोग होईल.

सिम घेण्यापासून सांगते. जर्मनीत आल्डी, लिडलसारख्या किराण्याच्या सुपरमार्केटमध्येसुद्धा प्रीपेड सिमचं पाकीट मिळतं. पाकीट घेतलं की झालं असं मात्र नाही. २०१७ पासून तिथं प्रीपेडलाही ओळख पटवणं सक्तीचं आहे. मी व्हिडिओ कॉलवर केलं. समोरचा माणूस पासपोर्ट असा धरा, तसा तिरका करा, असं सांगत होता. पासपोर्टावरची चकाकणारी खूण त्याला नीट दिसेपर्यंत वीसेक मिनिटं गेली. आपल्याकडं आधार आणि ओटीपीवर दुकानात उभ्या उभ्या काम होतं. सिम सुरू करण्यात सांगली पुढं आहे, यात शंका नाही.

पैशातही सांगलीच पुढं. तिथला महिनाही अठ्ठावीस दिवसांचाच निघाला. प्रीपेडचे पॅक चार आठवड्यांचे, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. माझा पॅक नऊ युरोच्या आसपास, साधारण नऊशे रुपये, आणि त्यात मिळणारं नेट मी महिनाभर मोजून वापरायचे. दादा इथं साडेतीनशे रुपयांत रोज दोन जीबी वापरतो. घरी आल्यावर पहिल्या दिवशी मी सवयीनं व्हिडिओ बंद करून मोबाईल डेटा वाचवत बसले होते, तर आई म्हणाली, "अगं, इथं कशाला जपतीस?"

आता रेंज. श्टुटगार्ट एखाद्या कढईच्या तळाशी असावं तसं वसलंय, भोवती उतारांवर द्राक्षाचे मळे. (तासगावची आठवण रोज यायची.) शहरात ५जी व्यवस्थित चालतं. पण घरात शिरलं की दोन दांड्या कमी व्हायच्या. तिथल्या नव्या इमारतींच्या खिडक्यांच्या काचांवर उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो, तो मोबाईलच्या लहरीही अडवतो. रेल्वेतही तीच गोष्ट. जुन्या डब्यांच्या काचा अशाच, त्यामुळं बाहेर टॉवर दिसत असतानाही आत आवाज तुटतो. गावभागात आमच्या जुन्या वाड्याच्या जाड भिंतींत ५जीचं ४जी होतं, ते फार वेगळं नाही.

शहर सोडून डोंगरात गेलं की जर्मनीबद्दलचा समज गळून पडतो. ब्लॅक फॉरेस्टमध्ये फिरायला गेलो तर दोन-दोन तास फोन मुका. रेंज नसलेल्या जागेला त्यांच्या भाषेत खास शब्द आहे, फुंकलोख, म्हणजे नेटवर्कमधलं भोक. तो शब्द रोजच्या बोलण्यात इतक्या वेळा ऐकला की मला बरं वाटलं, हे दुखणं फक्त आपलं नाही म्हणून. तिथल्या सरकारी नियामकाचं एक ॲप आहे. ते चालू ठेवून फिरलं की कुठं कोणती रेंज आली, कुठं काहीच आली नाही, याची नोंद होते आणि लोकांच्या अशा नोंदींवरून नकाशा तयार होतो. मी सुटीच्या दिवशी ते लावूनच फिरायचे. आपल्याकडंही ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमानुसार २०२५ पासून कंपन्यांना आपापल्या कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर टाकावे लागतात. ते जरूर बघा, पण त्याबद्दल पुढं बोलायचंच आहे.

फोन इथूनच घेऊन जाणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. श्वेबिश आल्बच्या डोंगरात एका खेड्यात माझ्या सहकारी मुलीला, त्याच कंपनीचं सिम असून, रेंज होती आणि मला नव्हती. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की युरोपात खेड्यापाड्यांत दूरवर पोचणारं ४जी बऱ्याच ठिकाणी ८०० मेगाहर्ट्झवर, बँड २० वर चालतं. (बँड म्हणजे लहरींचा ठरावीक पट्टा, फोनमध्ये तो असावा लागतो.) भारतात ४जी प्रामुख्यानं बँड ३, ५, ८, ४० अशांवर आहे. त्यामुळं भारतात विकल्या जाणाऱ्या काही मॉडेलांत बँड २० नसतोच. माझ्या फोनमध्येही नव्हता. शहरात काही जाणवत नाही, गावाबाहेर पडलं की कळतं. फोन घेताना खोक्यावरची किंवा वेबसाइटवरची बँडची यादी बघून घ्या.

दुसरं, तिथं ३जी २०२१ मध्येच बंद झालंय. फोनवर व्हीओएलटीई, म्हणजे ४जीवरूनच कॉल करायची सोय, चालू नसेल तर कॉल थेट २जीवर उतरतो आणि बोलणं चालू असेपर्यंत नेट थांबतं. माझं पहिले दोन महिने असंच चाललं, मग फोनचं अपडेट आल्यावर सुटलं.

सीमेचा अनुभव दोन्हीकडं सारखा वाटला. पूर्वी म्हैसाळच्या पुढं कागवाडच्या दिशेला गेलं की फोन कर्नाटकाचा टॉवर पकडायचा, रोमिंग लागायचं आणि बाबा लगेच फोन बंद करायला लावायचे. आता देशात कुठंही गेलं तरी तो प्रश्न उरला नाही. युरोपीय संघातही जून २०१७ पासून तसंच आहे. जर्मन सिम फ्रान्समध्ये, ऑस्ट्रियात घरच्याच दरानं चालतं. फक्त स्वित्झर्लंड संघात नाही. कोन्स्टान्झला तळ्याकाठी फिरताना माझ्या फोननं पलीकडचा स्विस टॉवर पकडला आणि दहा मिनिटांत शिल्लक संपली. सीमेजवळ जाताना नेटवर्क हातानं निवडून ठेवा.

माझा सगळ्यात वाईट अनुभव मात्र सांगलीच्या सिमचा आहे. एप्रिलमध्ये बाबांचं मिरजेत ऑपरेशन ठरलं. पैसे मी माझ्या इथल्या खात्यातून भरणार होते. बँकेनं ओटीपी पाठवला, फोनवर आलाच नाही. पुन्हा मागवला, नाही. पॅकची मुदत संपून गेली होती आणि येणारे मेसेजही थांबले होते. दादानं सांगलीतून लगेच रिचार्ज मारला, तरी तासभर काही नाही. कंपनीच्या हेल्पलाइनला जर्मनीतून फोन लावला. आधी हा आकडा दाबा, मग तो दाबा, मग संगीत. चाळीस मिनिटांनी कळलं की परदेशी रोमिंगच बंद दाखवतंय. मी निघण्यापूर्वी दुकानात सुरू करून घेतलं होतं, विचारून खात्री केली होती. ते कुणी कधी बंद केलं याचं उत्तर आजपर्यंत मिळालेलं नाही. शेवटी पैसे दादानं मित्राकडून घेऊन भरले. बाबा आता ठणठणीत आहेत, पण ती सकाळ मी विसरणार नाही. साडेतीन तासांच्या फरकामुळं माझ्याकडं पहाट होती आणि माझे स्वतःचे पैसे मला हलवता येत नव्हते.

म्हणून कळकळीनं सांगते, जाण्याआधी रोमिंग सुरू झाल्याचा मेसेज जपून ठेवा आणि सिमला लांब मुदतीचा पॅक टाका. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं कंपन्यांना नुसत्या कॉल आणि एसएमएसचे पॅकही द्यायला लावले आणि अशा खास पॅकची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. आता मी तोच वापरते. बाहेर असताना इथलं नेट लागतच नाही, मग त्याचे पैसे कशाला भरायचे?

आता जे मला खरं सांगायचंय ते. ११ सप्टेंबरला, गुरुवारी, सकाळी अकराला ऑफिसमधले सगळे फोन एकदम किंचाळले. माझाही. मी दचकून उभी राहिले. शेजारचा म्हणाला, आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी आहे, दर वर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी असते. मी खाली बसले, पण बराच वेळ कामात लक्ष लागलं नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मी पुण्यात होते. आई, बाबा आणि आजी गावभागात. "आयर्विनला किती फूट?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती चढलं, हा एकच प्रश्न सगळी सांगली एकमेकांना विचारत होती. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५, आणि पाणी ५७ फुटांवर गेलं. वीज सुरक्षेसाठी तोडलेली. फोनच्या बॅटऱ्या संपल्या, टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या, जनरेटरला डिझेल पोचवणार कोण? मला दोन दिवस एकच वाक्य ऐकू येत होतं, आपण डायल केलेला क्रमांक कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे. घरातला तांब्याच्या तारेचा जुना फोन, ज्याला वीज एक्स्चेंजमधून यायची आणि घरातले दिवे गेले तरी जो चालायचा, तो आम्ही आदल्याच वर्षी काढून टाकला होता. तिसऱ्या दिवशी बाबांनी कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन थोडा चार्ज करून कळवलं, आम्ही माडीवर आहोत, नीट आहोत.

जर्मनीतली ती किंचाळी पुरातूनच आली आहे. जुलै २०२१ मध्ये आर नदीच्या खोऱ्यात एका रात्रीत शंभराहून अधिक माणसं गेली. अनेकांना वेळेवर कळलंच नाही. त्याच महिन्यात, आठ-दहा दिवसांनी, आमच्याकडं कृष्णा पुन्हा गावात शिरली होती. त्यानंतर जर्मनीत सेल ब्रॉडकास्ट आणलं. हा एसएमएस नाही. टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनना एकाच वेळी संदेश सोडतो. त्याला तुमचा नंबर लागत नाही, ॲप लागत नाही, गर्दीत तो अडकत नाही, आणि सर्वात वरच्या पातळीचा इशारा फोन सायलेंटवर असला तरी वाजतो. भारतातही २०२३ मध्ये याच्या चाचण्या झाल्या, दादाच्या फोनवरही तेव्हा आला होता. म्हणजे यंत्रणा आपल्याकडंही आहे. माझी मागणी एवढीच आहे की ती नदीकाठच्या गावांत दर पावसाळ्याआधी ठरलेल्या दिवशी वाजवावी. माझ्या आजीसारख्या बाईला कळलं पाहिजे की हा आवाज आला की काय उचलायचं आणि कुणीकडं जायचं. आणि पूरपट्ट्यातल्या टॉवरचा जनरेटर पाण्याच्या वर बसवलेला आहे का, हे पावसाआधी कुणीतरी जाऊन बघावं.

मागच्या आठवड्यात आत्याकडं गेले. शिराळ्यावरून आरळा, वारणावती, त्याच्याही पुढं. सांगलीत सुसाट चालणारं ५जी शिराळ्यानंतर हळूहळू ४जी झालं, मग नुसताच एक फुलीचा टॉवर. आत्यानं अंगणातल्या पडवीच्या खांबाला खिळा मारून पिशवी टांगलीय, त्यात फोन. "हितं यायचं, ह्या खांबापाशी. एक दांडी येती. बोलायचं आन् पिशवीतच ठिवायचा." रात्री दुखलं-खुपलं तर तिला पडवीत यावं लागतं, आणि हे जंगलाच्या कडेचं गाव आहे. मी कंपनीचा नकाशा उघडून पाहिला, त्यात तिचं घर व्यवस्थित रंगवलेलं होतं.

दोष डोंगराचाही आहे, लहरी त्याच्याआड फारशा वळत नाहीत. पण दरीत एक टॉवर आहे आणि तो एकाच कंपनीचा, आत्याचं सिम दुसरीचं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारी निधीतून उभारलेल्या ४जी टॉवरवर वेगवेगळ्या कंपन्यांच्या ग्राहकांना एकमेकांचं नेटवर्क वापरू देण्याची सोय सुरू झाली. जर्मनीतल्या कंपन्यांनीही, जिथं एकाचंच नेटवर्क पोचतं तिथं ते एकमेकांना वापरू देण्याचे करार केलेत. अशी सोय प्रत्येक डोंगरी गावात, प्रत्येक टॉवरवर असायला हवी. खेड्यात चार कंपन्यांचे चार टॉवर होणार नाहीत, हे कुणालाही कळतं.

तोवर आपल्या हातात होतं ते केलं. गावातल्या तिघांकडून वेगवेगळी सिम मागून घेतली, आत्याच्या घरात चूल, माजघर, पडवी असं प्रत्येक ठिकाणी उभं राहून दांड्या मोजल्या आणि फोन लावून पाहिले. एक सिम चुलीपाशीही दोन दांड्या दाखवत होतं. तिच्या नंबरवरून १९०० ला पोर्टचा मेसेज केला, आलेला कोड घेऊन आरळ्याच्या दुकानात गेले. कोडची मुदत चार दिवसांची असते, तेवढ्यात जावं लागतं. नंबर तोच राहिला, कंपनी बदलली, कामाचे तीन दिवस लागले.

काल रात्री नऊला तिचा फोन आला. मागं भांड्यांचा आवाज येत होता. मी विचारलं, "आत्या, कुठून बोलतीस?" म्हणाली, "चुलीपासनं. भाकरी थापतीया. तू बोल की, म्या ऐकतीया."