एकच जुना लेझरजेट १०२०, घरातल्या सगळ्यांसाठी : वापरानंतरचा अनुभव

एचपीचा लेझरजेट १०२० बहुतेकांनी पाहिला असेल. झेरॉक्सच्या दुकानात, वकिलांच्या टेबलावर, सोसायटीच्या ऑफिसात अजून ठाण मांडून बसलेला तो बुटका प्रिंटर. २००५ च्या सुमारास आलेला. वायफाय नाही, नेटवर्कची केबल लावायला जागा नाही, मागे फक्त एक यूएसबी. मिनिटाला चौदाएक पानं, तीही काळी-पांढरी आणि एकाच बाजूला. पण १२ए टोनर कुठल्याही तालुक्याच्या गावी भरून मिळतो, आणि पानं आजही नव्यासारखी स्वच्छ येतात. म्हणून तो काढून टाकायचा विचार कधी आला नाही. एका यूएसबी वायरीवर अख्खं घर कसं भागवायचं, एवढाच प्रश्न होता.

घर म्हणजे माझ्या शिकवणीच्या सराव प्रश्नपत्रिका, लेकीचे दहावीचे प्रकल्प, नवऱ्याचे लीगल कागदावरचे मसुदे आणि सासऱ्यांचे सातबारा-आठ अ. संगणक प्रत्येकाचा वेगळा, शिवाय सगळ्यांचे फोन.

पहिली कित्येक वर्षं प्रिंटर हॉलमधल्या डेस्कटॉपला जोडून विंडोजमधूनच शेअर केलेला होता. ती पद्धत वाईट नाही, फुकट आहे. पण प्रिंट हवी तर आधी तो डेस्कटॉप जागा हवा. आतल्या खोलीतून "अगं, ते हॉलमधलं चालू कर गं जरा" ही हाक रोजचीच. शिवाय २०२१ च्या जुलैत विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधली (छपाईची कामं रांगेला लावणाऱ्या भागातली) 'प्रिंटनाइटमेअर' ही मोठी त्रुटी उघड झाली, पाठोपाठ सुरक्षेचे अपडेट आले, आणि त्या सप्टेंबरनंतर जगभर अनेकांना शेअर केलेला प्रिंटर जोडताना शेवटी ११बी असलेला एरर दिसू लागला. त्यावर सगळीकडे सुचवला जाणारा उपाय म्हणजे रजिस्ट्रीत, विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, जाऊन ती सुरक्षा शून्यावर आणणं. पाहुण्यांना त्रास नको म्हणून दाराची कडीच काढून ठेवण्यातला प्रकार तो. मला पटला नाही.

बाजारात यूएसबी प्रिंट सर्व्हर नावाच्या छोट्या डब्या मिळतात. एका बाजूला प्रिंटर, दुसऱ्या बाजूला राउटर. शेजाऱ्यांची आणून लावून पाहिली. कागद हलला नाही. का हलला नाही, ते हा प्रिंटर घेऊन बसलेल्या प्रत्येकाने समजून घ्यावं असं आहे. १०२० च्या पोटात स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा मूळ प्रोग्राम, कायमचं राहत नाही. प्रत्येक वेळी चालू केल्यावर संगणकाने ती छोटी फाइल त्याला भरवावी लागते, तेव्हा कुठे त्याला पान म्हणजे काय ते कळतं. विंडोजचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरशी त्याच्या भाषेत बोलणारा प्रोग्राम, हे गुपचूप करतो, म्हणून आपल्याला पत्ता नसतो. साधी डबी आलेला मजकूर फक्त पुढे ढकलते. उपाशी प्रिंटर दिवा लावून नुसता बसून राहतो.

म्हणून शेवटी प्रिंटरलाच त्याचा स्वतःचा संगणक दिला. रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू. च्युइंगगमच्या पाकिटाएवढा बोर्ड, ५१२ एमबी मेमरी, वायफाय आहे. पॉवर अडॅप्टर, मेमरी कार्ड आणि यूएसबीची ओटीजी पिन (छोट्या खाचेत प्रिंटरची वायर लावायला) धरून नव्या वायफाय लेझर प्रिंटरच्या किमतीचा छोटासा भाग खर्च झाला. त्यावर कप्स ही छपाईची व्यवस्था टाकली. ती १९९९ पासून आहे आणि पायवर चालणाऱ्या लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीत जवळपास सगळीकडे तीच चालते. १०२० साठी फू-टू-झेडजेएस नावाचा मुक्त ड्रायव्हर आहे. तो पॅकेजमधून येतो, पण फर्मवेअरची फाइल त्यात नसते. ती वेगळी उतरवून योग्य फोल्डरमध्ये ठेवावी लागते. निम्मे लोक इथेच अडकतात. एकदा ती जागेवर बसली की प्रिंटरचा स्विच दाबल्यावर काही सेकंदांत आतली मोटर घर्रर्र करून थांबते. ती घरघर ऐकू आली की समजायचं, फाइल पोटात गेली. सासऱ्यांनाही आता हे पाठ झालंय. ते घरघर ऐकल्याशिवाय प्रिंट देत नाहीत.

बाकीची मांडणी ब्राउझरमधून होते. पायचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक), पुढे कोलन आणि ६३१ टाकलं की कप्सचं पान उघडतं. तिथे शेअर करण्याची खूण केली की आयफोनला प्रिंटर आपोआप एअरप्रिंटमध्ये, म्हणजे त्याच्या बिनवायरी छपाईच्या सोयीत, दिसतो, अँड्रॉइडलाही बहुतेक वेळा दिसतो. विंडोजमध्ये मी पत्ता हाताने टाकला आणि मायक्रोसॉफ्टचाच आयपीपी क्लास ड्रायव्हर (नेटवर्कवरच्या प्रिंटरांसाठीचा सर्वसाधारण ड्रायव्हर) निवडला. एचपीचा जुना ड्रायव्हर कुठल्याच लॅपटॉपवर टाकावा लागला नाही, हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा. राउटरमध्ये पायला एकच आयपी कायमचा राखून ठेवला. नाहीतर राउटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलतो आणि मग सगळे माझ्या नावाने शंख करतात.

आता खटकणाऱ्या गोष्टी. कप्सने कागदाचा आकार मूळचा लेटर, म्हणजे अमेरिकेतला, धरला होता. आपल्याकडे सगळं ए४, त्यामुळे सातबाऱ्याच्या खालच्या दोन ओळी कापल्या जायच्या. ते सर्व्हरवर एकदा बदललं की झालं. लीगल कागद मात्र दर वेळी निवडावाच लागतो. तो मी खालच्या ट्रेमध्ये न भरता वरच्या एका कागदाच्या खाचेतून देते, म्हणजे ए४ चा गठ्ठा उपसायला नको.

दुसरं असं की प्रिंटर बंद असताना दिलेली कामं हरवत नाहीत, रांगेत थांबतात. ऐकायला छान. प्रत्यक्षात लेक "आलंच नाही" म्हणून तीनदा बटण दाबते आणि संध्याकाळी प्रिंटर चालू केला की एकाच प्रकल्पाच्या तीन प्रती बाहेर पडतात. आणि एखादं काम अर्धवट फसलं तर कप्स अख्खा प्रिंटरच थांबवून ठेवतो. एरर पॉलिसीमध्ये 'रिट्राय जॉब' निवडल्यापासून तो त्रास गेला.

वेगाबद्दल. साधी प्रश्नपत्रिका लगेच येते. पण फोनवर स्कॅन केलेली रंगीत, जाडजूड पीडीएफ दिली की त्या इवल्याशा प्रोसेसरला घाम फुटतो. पहिलं पान यायला चांगला मिनिटभर लागतो. नवऱ्याचे मसुदे श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये, असतात. ते वर्डमधून थेट त्याच्या लॅपटॉपवरून छापले तर ठीक, फोनवर उघडले तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. आधी पीडीएफ करणं हाच उपाय. यात दोष ना प्रिंटरचा, ना पायचा.

विजेचं सांगायलाच हवं. राउटरसाठी जो छोटा १२ व्होल्टचा बॅकअप घेतला होता, त्याच्याबरोबरीने पायलाही (त्याला चालणाऱ्या ५ व्होल्टवर) बॅकअप दिला. वीज अचानक गेली की मेमरी कार्ड बिघडण्याची भीती असते, ती त्यामुळे बरीच कमी झाली. प्रिंटरला मात्र इन्व्हर्टरवर घेऊ नका. लेझर प्रिंटरचा फ्यूजर (टोनर उष्णतेने कागदावर चिकटवणारा भाग) तापताना एकदम इतका करंट ओढतो की दिवे मिचकतात, इन्व्हर्टर बोंब मारतो. वीज नसताना कामं रांगेत राहू द्यावीत, तेवढ्यासाठी कुणाचं अडत नाही.

पायचं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आहे. काही राउटर ५ गिगाहर्ट्झवरच्या फोनला त्याची 'मी इथे आहे' ही आरोळी पोहोचू देत नाहीत, मग प्रिंटर यादीत दिसत नाही. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट नेटवर्कवरून तर दिसायचाच नाही, आणि ते बरंच आहे.

हे कुणी करावं? घरात एकच लॅपटॉप असेल तर वायर लावा आणि गप्प बसा. काळ्या पडद्यावर चार आज्ञा टाइप करायला कुणी तयार नसेल, किंवा स्कॅनरही हवा असेल, तर पैसे साठवून नवा वायफायवाला घ्या. कॅननचा एलबीपी २९०० असेल तर जपून. टोनर जवळपास तोच बसत असला तरी त्याची सीएपीटी ही भाषा वेगळी आहे, आणि पायसारख्या एआरएम (फोनमध्ये असतो त्या जातीच्या प्रोसेसरच्या) बोर्डवर त्याला कंपनीचा ड्रायव्हर नाही. १०२० असेल आणि दोन-तीन माणसं रोज छापत असतील, तर बिनधास्त करा. सगळं जमलं की त्याच दिवशी मेमरी कार्डाची पूर्ण नक्कल संगणकावर काढून ठेवा. ही कार्डं कधीतरी जातातच, आणि तेव्हा फर्मवेअरची ती फाइल पुन्हा शोधत बसायला नको.